छिद्राचं माप

आमच्या स्टुटगार्टच्या घरात स्वयंपाकघरातली वरची फळी माझ्या हाताला चार बोटं उंच पडते. पोह्यांचा डबा तिथेच असतो. रोज चवड्यांवर उभं राहायचं, डबा बोटांनी पुढे ओढायचा आणि झेलायचा. ऑगस्ट २०१९ मधल्या एका शनिवारी मी नेहमीसारखे चवडे उंचावले आणि डावी टाच उठलीच नाही. दुखलं नाही, नुसती उठली नाही. पुन्हा जोर लावला, तरी तेच. उजवी टाच वर, डावी जमिनीला चिकटलेली, आणि मी ओटा धरून तिरकी उभी.

तोवर मला वाटत होतं की दुखणं हीच या आजारातली सगळ्यात वाईट गोष्ट. दुखणं दोन महिन्यांचं होतं. जूनमध्ये लेकाची सायकल गाडीच्या डिकीत उचलून ठेवताना कंबरेत चमक भरली. पहिले आठ दिवस कंबर धरलेली होती. मग एके दिवशी सकाळी कंबर मोकळी वाटली आणि दुखणं पायात उतरलं. डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत, तिथून घोट्याच्या बाहेरून करंगळीपर्यंत, कुणी तापलेली तार ओढावी तसं. बसणं अशक्य झालं. मी उभ्याने जेवत होते, ऑफिसचं काम इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करत होते, आणि रात्री जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवून झोपत होते. पावलाची बाहेरची कड बधिर होती. मोजा घातलाय की नाही, ते बघून कळायचं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आयबुप्रोफेन ६०० दिली, व्यायामासाठी चिठ्ठी दिली आणि थांबायला सांगितलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मणक्यांच्या मधल्या गादीचा त्रास असलेले बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू स्वतःच विरघळवतं. मी त्या बहुतेकांतली असेन असं धरून चालले होते.

पुण्याला माझी मोठी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. टाचेचं ऐकल्याबरोबर तिचा आवाज बदलला. ‘लघवीला नीट होतेय ना? मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिर वाटतंय का?’ तसं काही नव्हतं. ‘मग आज रात्रीच धावू नकोस, पण सोमवारी सकाळी न्यूरोसर्जन. दुखण्यावर थांबता येतं गं, ताकद जायला लागली की थांबत नाहीत.’ लघवीचा किंवा बसायच्या जागेच्या बधिरपणाचा त्रास असता तर तासांचा हिशेब असतो, हेही तिने तेव्हाच सांगून ठेवलं.

एमआरआयमध्ये सगळ्यात खालच्या गादीतून, म्हणजे पाचवा कंबरेचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांच्या मधल्या गादीतून, एक मोठा तुकडा बाहेर येऊन डाव्या नसेवर बसलेला दिसला. साताऱ्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘म्हणजे गादी सरकलीच ना?’ आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. गादी सरकत मात्र नाही. तिला कसं समजावू याचा विचार करताना मला उकडीचे मोदक आठवले. गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंचं कडं आणि आत मऊ गर. पारीला चीर गेली की मोदक जागच्या जागी असतो, सारण बाहेर येतं. आई क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग सारण काढलं तरी पारी फाटलेलीच राहणार की.’

हाच प्रश्न तीन दिवसांनी सर्जननी माझ्यासमोर मांडला. मला अजून नवल वाटतं की आईने तो त्यांच्या आधी विचारला होता.

सर्जन पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मला आडवं करून त्यांनी डावा पाय सरळ उचलला; वीतभरही उचलला नसेल तोच मी ओरडले. मग टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. उजवं पाऊल उडालं, डावं ढिम्म. चवड्यावर उभं राहायला सांगितलं, तेही त्यांनी पाहिलं. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले की आता ऑपरेशन करावं असं माझं मत आहे, आणि ते या आठवड्यात व्हावं.

सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या चिरेतून गादीचा तुकडा काढायचा, हे ऑपरेशन आता फार जुनं झालं आहे. पायातलं हे दुखणं गादीमुळे होतं हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ मध्ये लिहिलं, आणि सूक्ष्मदर्शक लावून ते करण्याची पद्धत १९७७ मध्ये झुरिकच्या याझारगिल यांनी आणि इथल्याच, जर्मनीतल्या होम्बुर्गच्या वोल्फहार्ड कास्पर यांनी जगापुढे मांडली. माझ्या पाठीतले स्नायू बाजूला धरायला जी चिमट्यासारखी चौकट वापरणार होते, तिलाही कास्पर यांचंच नाव आहे. स्टुटगार्टहून होम्बुर्ग गाडीने दोन-अडीच तासांवर. आपल्या घराजवळची गोष्ट आहे असं उगीचच वाटून मला धीर आला.

‘तुकडा काढणं कठीण नाही,’ ते म्हणाले, ‘मला काळजी असते ती मागे राहणाऱ्या छिद्राची.’

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. कड्याला पडलेलं भोक शिवणं अवघड. तिथे रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ते त्वचेसारखं भरून येत नाही. भोक चिरेसारखं बारीक असेल तर फारशी चिंता नाही. पण ते रुंद असेल तर आत उरलेला गर त्याच वाटेने पुन्हा बाहेर येऊ शकतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कॅरागी यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी लावून २००३ मध्ये हे दाखवलं: ज्यांच्यात तुकडा निघाल्यावर मागे बारीक चीर राहिली, त्यांच्यात १ टक्क्याला पुन्हा त्रास झाला, ज्यांच्यात मोठं भगदाड राहिलं, त्यांच्यात २७ टक्क्यांना. ऑपरेशन एकच, नाव एकच, आणि फरक एवढा. साधारण तिघांतल्या एकाचं छिद्र मोठं असतं, असं सर्जन म्हणाले.

यावर सर्जन लोक वर्षानुवर्षं दोन टोकांच्या मध्ये अडकलेले आहेत. आतला गर भरपूर खरवडून काढला तर पुन्हा बाहेर यायला काही उरत नाही, पण गादी बसते, मणके एकमेकांवर टेकतात आणि कंबर कायमची दुखू लागते. फक्त सुटा तुकडा काढून बाकी गादी राखली तर कंबर बरी राहते, पण पुन्हा बाहेर येण्याची भीती राहते. भोक टाक्यांनी शिवून पाहण्याचेही प्रयत्न झाले. मोठ्या चाचणीत त्याचा म्हणावा तसा फायदा सिद्ध झाला नाही.

त्यांनी टेबलाचा खण उघडून एक वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. मी ती बराच वेळ बघत होते. एका टोकाला टायटॅनियमचा नांगर, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, खाचा असलेला. त्याला जोडलेली पांढऱ्या पॉलिस्टरची जाळी, घट्ट विणीची, कापडासारखी, बोटाने दाबली तर वाकणारी. नांगर शेजारच्या मणक्याच्या हाडात ठोकून बसवायचा आणि जाळी आतल्या बाजूने छिद्रावर उभी राहते. तीच आडोसा धरते. भोक शिवलं जात नाही, भरलं जात नाही. आतून दार लावून घ्यावं तसं ते अडवलं जातं. वजन जवळजवळ नव्हतंच. ही वस्तू माझ्या शरीरात मरेपर्यंत राहणार, हा विचार तिच्या वजनापेक्षा खूप जड होता.

‘हे तुम्हाला बसवणार की नाही ते मी आज सांगू शकत नाही,’ ते म्हणाले. एमआरआयमध्ये छिद्राचं नेमकं माप दिसत नाही. तुकडा काढल्यावर, तुम्ही भुलीत असताना, मोजपट्टीसारखं एक हत्यार आत घालून रुंदी आणि उंची मोजायची. रुंदी ६ ते १० मिलिमीटर आणि उंची ४ ते ६ मिलिमीटर भरली तर बसवायचं, छिद्र लहान निघालं तर उगीच बसवायचं नाही. हाड ठिसूळ असेल तर नांगर धरत नाही, गादीची उंची फार कमी झालेली असेल तर जाळीला जागा उरत नाही. म्हणजे मला संमती द्यायची होती ती एका ‘जर’ला.

या रोपणाची मोठी चाचणी युरोपातच झाली होती. इन्सब्रुकचे क्लाउडियस थोमे आणि त्यांचे सहकारी, २१ रुग्णालयं, ५५४ रुग्ण, सगळे मोठ्या छिद्राचे. अर्ध्यांना रोपण, अर्ध्यांना नुसतं ऑपरेशन. कुणाला काय मिळणार ही चिठ्ठी रुग्ण टेबलावर झोपलेला असताना, छिद्र मोजून झाल्यावर निघायची. दोन वर्षांनंतर रोपण असलेल्यांपैकी १२ टक्क्यांना त्रास देणारी गादी पुन्हा बाहेर आली, नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन ५ टक्क्यांचं झालं, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांचं. माझ्या ऑपरेशनच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या रोपणाला मंजुरी दिली होती.

मी घरी येऊन हे सगळं ताईला सांगितलं तेव्हा मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, ‘मला रात्रभर दे.’ पुण्यात पहाट झाली तेव्हा तिचा फोन आला. ‘८४ टक्के बद्दल बोलले का ते?’

८४ टक्के म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. गादीला टेकणारी मणक्याची जी हाडाची पाटी असते, तिच्यात रोपण बसवलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना दोन वर्षांत बदल दिसले होते. खड्डा पडल्यासारखे, झीज झाल्यासारखे. नुसतं ऑपरेशन केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के. ‘त्याने त्या लोकांना जास्त दुखतंय असं दिसलं नाही,’ ताई म्हणाली, ‘पण दोन वर्षं म्हणजे काय गं? तू एकेचाळीसची आहेस. तुला अजून चाळीस वर्षं या हाडावर उभं राहायचंय.’ तिने मला एका जेलची गोष्ट सांगितली. ऑपरेशननंतर नसेभोवती व्रण धरू नये म्हणून ते जेल आत सोडायचे. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, फार गाजलं, आणि २००१ मध्ये बाजारातून परत घेतलं गेलं. ‘पाठीत घालायच्या नव्या गोष्टींचं असं असतं. नको म्हणत नाही मी. पण विचार.’

मी वहीत प्रश्न लिहून काढले आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते घेऊन बसले. जर्मनीत याला आउफक्लेरुंग म्हणतात. डॉक्टरने समोर बसून सगळे धोके सांगायचे, तुम्ही विचारायचं, मग सही. माझा पहिला प्रश्न ८४ टक्क्यांचा होता. सर्जन सावरून बसले. हो, म्हणाले, हे खरं आहे, आणि तुम्ही विचारलं नसतं तरी मी शेवटच्या पानावर त्याच्याशी आलो असतो. मला ते शेवटच्या पानावर असणं पटलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी मान्य केलं. पुढे म्हणाले, ‘हाडातला बदल चित्रात दिसतो, पण तो तुम्हाला कधी जाणवेल का, हे आज कुणालाच ठाऊक नाही. दुसरं ऑपरेशन मात्र तुम्हाला नक्की जाणवेल. पहिल्यापेक्षा ते कठीण असतं, कारण नस व्रणात चिकटलेली असते.’

दुसरा प्रश्न: तुमच्या बहिणीला तुम्ही काय सांगाल? ते थोडं थांबले. ‘६ मिलिमीटरच्या काठावर असेल तर बसवू नका म्हणेन. ८ च्या पुढे असेल तर बसवा म्हणेन.’

मी फॉर्मवर सही केली आणि सहीच्या वर हाताने लिहिलं: छिद्र ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. त्यांनी ते वाचून खाली स्वतःची आद्याक्षरं घातली. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठा आधार त्या एका ओळीचा वाटला. शरीर माझं होतं आणि एक आकडा माझा होता.

ऑपरेशनच्या सकाळी पायात घट्ट पांढरे मोजे, डाव्या कुल्ल्यावर मार्करने काढलेला बाण, आणि छातीत धडधड. नवरा लेकाला शाळेत सोडून आला होता. आईने साताऱ्यात देव पाण्यात ठेवले होते, ते मला नंतर कळलं. भूल देणाऱ्या बाईंनी सुंदर काहीतरी आठवा म्हटलं. मला अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं गाव आठवलं, आणि पुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता, कंबर ठणकत होती आणि पाय गप्प होता. दोन महिने सतत बोंबलणारा पाय एकदम गप्प. मी रडले. नर्सला वाटलं दुखतंय, ती नोवाल्गिनचे थेंब घेऊन धावली. संध्याकाळी सर्जन आले तेव्हा मी कसं झालं हे विचारलंच नाही. विचारलं, ‘किती मिलिमीटर?’

‘आठ बाय पाच.’

म्हणजे बसवलं होतं. नांगर हातोडीने ठोकताना क्ष-किरणांच्या यंत्रावर दर ठोक्याला बघत होते, असं त्यांनी सांगितलं. हाड मजबूत होतं, नांगर एका दमात बसला. मी ते ऐकत होते आणि मनात टाळी वाजत नव्हती. हायसंही नाही, भीतीही नाही. काहीतरी कायमचं ठरलं एवढंच कळत होतं.

चार दिवस रुग्णालयात होते. इथे सरकारी विम्यात दिवसाला १० युरो आपण भरायचे, बाकी विमा बघतो. आईला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पहिल्याच दिवशी कुशीवर ओंडक्यासारखं वळून, पाय पलंगाखाली सोडून, हाताच्या रेट्याने उठायला शिकवलं. आजही मी तशीच उठते. पोटात रोज स्वतःच स्वतःला रक्त न गोठण्याचं इंजेक्शन टोचायचं होतं. पहिल्या वेळी सुई कातडीपासून बोटभर अंतरावर धरून मी दहा मिनिटं बसून राहिले, मग डोळे उघडे ठेवून टोचली.

घरी निघताना त्यांनी एटीएम कार्डाएवढं एक कार्ड दिलं. त्यावर माझं नाव, तारीख, रोपणाचा नमुना क्रमांक, कुठल्या मणक्यात, कुठल्या बाजूला. एमआरआय काढण्याआधी हे दाखवायचं. ते माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्येच असतं. लेक तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘आई, तुझ्या पाठीत नांगर आहे? मग तू बुडणार नाहीस ना?’ मी सांगितलं, नांगर बोटीला जागेवर धरून ठेवतो. त्याला ते पुरलं.

नंतर तीन आठवडे श्वार्त्सवाल्ड या डोंगराळ जंगलातल्या एका पुनर्वसन केंद्रात होते. जर्मनीतली ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. ऑपरेशन करून माणसाला घरी पाठवत नाहीत, त्याला पुन्हा जगायला शिकवतात. खाली पडलेली चप्पल कशी उचलायची, भांड्यांच्या मशीनमधून ताट कसं काढायचं, शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात टेकून पाठ सरळ कशी ठेवायची. माझ्यासोबत एक सत्तरीचे सुतार होते, त्यांची तीच गादी तिसऱ्यांदा बाहेर आली होती. रोज संध्याकाळी आम्ही सूचिपर्णी झाडांच्या खालून सावकाश चालायचो. पहिल्या ऑपरेशनला छिद्र किती होतं, असं मी त्यांना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या कागदांवर ते लिहिलेलंच नव्हतं.

कामावर परत जाणंही टप्प्याटप्प्याने झालं. दोन तास, मग चार, मग सहा. जानेवारी २०२० मध्ये मी पूर्ण वेळ रुजू झाले आणि दहाव्या दिवशी तीच तार पुन्हा पोटरीत ओढली गेली. त्या रात्री मी झोपले नाही. छिद्र, जाळी, २५ टक्के, १२ टक्के, सगळं डोक्यात फिरत होतं. मी त्या १२ टक्क्यांतली एक निघाले असंच मी धरून चालले होते. एमआरआय काढला. टायटॅनियममुळे चित्रात नांगराभोवती काळा डाग येतो, त्यामुळे चित्र वाचायला वेळ लागला. सर्जननी ते पडद्यावर मोठं करून दाखवलं: जाळी जागेवर, गर आत, नसेभोवती थोडी सूज आणि व्रण. नवं काही बाहेर आलेलं नव्हतं. सहा आठवड्यांत दुखणं ओसरलं. त्या दिवसांत ताई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझे व्यायाम बघायची, तिच्याकडे मध्यरात्र असली तरी.

डिसेंबर २०२१ मध्ये त्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. ताईनेच पाठवले. त्रास देणारी गादी पुन्हा बाहेर येणं: रोपण असलेल्यांत १८.८ टक्के, नसलेल्यांत ३१.६. कुठल्याही कारणाने पुन्हा ऑपरेशन: १६ टक्के आणि २२.६ टक्के. मी ते आकडे कितीतरी वेळ पाहत बसले. फरक टिकलेला होता, पण दोन वर्षांचे ५ आणि १३ टक्के फक्त पुन्हा बाहेर आलेल्या गादीसाठी झालेल्या ऑपरेशनांचे होते, म्हणून त्यांची या १६ आणि २२.६ शी थेट तुलना करता येत नव्हती. आणि सरासरीने पायाचं दुखणं, कंबरेचं दुखणं, रोजची कामं यांत दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणजे या वस्तूने माणूस जास्त बरा होत नाही. पुन्हा त्या टेबलावर जाण्याची शक्यता कमी होते. ज्याने दुसऱ्यांदा जाण्याची भीती एक रात्र तरी भोगली आहे, त्याला ही शक्यता कमी होणं म्हणजे काय ते कळतं. पण ‘गादीवरचा नवा इलाज’ म्हणून कुणी ते सांगत असेल तर ते बरोबर नाही, आणि लहान छिद्र असणाऱ्याला ते बसवणं तर मुळीच बरोबर नाही.

माझ्या स्वतःच्या मणक्यात बदल आहे. त्याच वर्षीच्या एक्स-रेत तो पहिल्यांदा दिसला: जाळी जिथे टेकते तिथे हाडाच्या पाटीला एक उथळ खळगा. सर्जननी पेनाच्या टोकाने दाखवला. मी त्यांना म्हणाले, म्हणजे मी ८४ मधली. ते म्हणाले, हो. २०२४ मध्ये पाच वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढला, खळगा तेवढाच होता. मला तो जाणवत नाही. लांबच्या विमानप्रवासानंतर कंबर अवघडते, पण ती कुणाची अवघडत नाही? पुढे काय होईल ते मी मोजत राहीन. मला सांगून, माझ्या सहीनिशी ते घडलंय, म्हणून त्याचा राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ताईकडे पुण्यात आठवड्याला चार-पाच माणसं गादीच्या ऑपरेशननंतर व्यायामाला येतात. रिक्षाचालक, बँकेतल्या बाई, शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेणारे. माझ्यानंतर ती प्रत्येकाचं डिस्चार्ज कार्ड उघडून बघते. गादी काढली, हे लिहिलेलं असतं. किती काढली, कधीमधी. छिद्र किती मोठं होतं, हे जवळजवळ कधीच नाही. रोपण परवडो न परवडो, मिळो न मिळो, तो आकडा तरी माणसाला द्यायला काय हरकत आहे? आठ मिलिमीटर असेल तर पहिले तीन महिने पंप पाठीवर घ्यायचा नाही, मिळेल ते दुसरं काम बघायचं, हे त्या माणसाला ठरवता येईल. ती आता तिच्या रुग्णांना चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून देते आणि सर्जनना विचारायला परत पाठवते. काही जण आकडा घेऊन येतात.

तिने मला एक व्यायाम नेमून दिला आहे, तो मी रोज सकाळी दात घासताना करते. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, किती वेळा उचलली जाते ते मोजायचं. उजवी पंचविसापर्यंत जाते. डावी ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी एकदा उठली होती, अर्धवट, तीही बेसिनला धरून. वर्षाने सहा. नस सावकाश वाढते, ताई म्हणाली होती, घाई करून उपयोग नाही. आज सकाळी डावी टाच सतरा वेळा उठली. अठराव्याला थरथरली आणि खाली आली.